इतोहानने गाळलेल्या ओळी

दर शुक्रवारी सकाळी सातला इतोहानची यादी ब्लॉगवर चढायची. चार वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. वीज गेली तर शेजारच्या न्हाव्याच्या जनरेटरवर मोबाइल लावून, अंगात ताप असला तर पांघरुणातून, पण सात म्हणजे सात. यादीचे दोन भाग असत. वर येत्या महिनाभरात लागोसच्या थिएटरांत लागणारे सिनेमे आणि प्रत्येकावर इतोहानच्या दोन-दोन ओळी, बहुतेक वेळा तिखट. खाली इतर ब्लॉगवाल्यांनी त्या आठवड्यात लिहिलेल्यांतले तिला आवडलेले पाच लेख, एकेका उताऱ्यासकट. लोक वरच्या भागासाठी यायचे आणि खालच्या भागावरून भांडायचे. सिनेमावर लिहिणारी जमातच अशी, की आपलं कुणी वाचलं तर आठवडाभर हवेत चालते आणि नाही वाचलं तर महिनाभर तोंड फिरवते. इतोहान दिवसभर सुरुलेरेतल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहून खोकल्याची बाटली विकायची. पण या जमातीत तिच्या शब्दाला वजन होतं.

त्या शुक्रवारी पावणेनऊला तेर्सूचा फोन आला तेव्हा ती गोळ्यांची पाकिटं मांडत होती.

"इतोहान, काय करून ठेवलंस गं हे?"

तेर्सू तिचा जुना मित्र. मकुर्दीहून लागोसला आलेला, सहा वर्षं लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडून डोळे फोडून घेतलेला, आणि आठ महिन्यांपूर्वी मॅडम अबेकेंच्या सिनेमा कंपनीत सहायक एडिटर म्हणून लागलेला. मॅडमचा 'ओलोयेची विधवा' पुढच्या शुक्रवारी लागणार होता.

"काय केलं मी?"

"यादी बघ तुझी. पहिला उतारा. शेवट फोडलायस आमच्या सिनेमाचा! हा शेवट कंपनीत चौघांनाच माहीत आहे. मॅडम, दिग्दर्शक, एडिटर आणि मी. त्यातला तुझा मित्र कोण? मीच ना! मॅडमनी चारपर्यंत वेळ दिलाय. चार वाजता मला काढल्याचं पत्र, आणि सगळ्या निर्मात्यांच्या ग्रुपवर माझं नाव. मग या शहरात मला कुणी कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही."

इतोहानने यादी उघडली. खालच्या भागात पहिलाच लेख 'उलटी बाजू' या ब्लॉगवरचा होता. तिचा सगळ्यात लाडका ब्लॉग. त्यातला उतारा तिने ठळक करून टाकला होता:

"ओलोये मेलेलाच नाही. त्याच्या बायकोला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि सगळं गाव रडत असताना ती एकटीच वाट बघते आहे."

"पण हा तर अंदाज आहे, तेर्सू! नुसता ट्रेलर बघून केलेला!"

"कुठे लिहिलंय अंदाज म्हणून?"

इतोहानला आठवलं. लेखाच्या सुरुवातीला तीन ओळी होत्या: सिनेमा मी पाहिलेला नाही, ट्रेलर वीस वेळा पाहिला, पुढे लिहिते तो माझा अंदाज. तिने त्या गाळल्या होत्या. उतारा कसा पहिल्या शब्दापासून धरून ठेवणारा हवा, असा तिचा दंडक. आणि या ओळी तिला मिळमिळीत वाटल्या होत्या. अंदाज कशावरून बांधला तो परिच्छेदही लांब म्हणून कापला होता. उरलं ते असं, की एखाद्याने सिनेमा आतून बघून येऊन सांगावं.

"खाली लिंक दिली आहे की मूळ लेखाची," ती चाचरत म्हणाली.

"लिंक कोण उघडतं, बाई? आणि आता उघडून बघ."

तिने उघडली. लेख नव्हता. कमेंटांचा गदारोळ बघून लिहिणारीने घाबरून काढून टाकला होता. चोरी झालीच नव्हती. पण आता कुणालाही वाटावं की चोर पळाला, आणि सुळावर चढायला तेर्सू उभाच होता.

इतोहानने मालकाला पोटदुखीचं कारण सांगितलं. औषधाच्या दुकानात पोटदुखी सांगायची म्हणजे पंचाईतच. त्याने तिथल्या तिथे दोन गोळ्या काढून हातावर ठेवल्या. त्या गिळून ती निघाली.

मॅडम अबेकेंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. साठीच्या बाई, टेबलावर उकडलेल्या शेंगांचा ढीग, आणि टरफलं थेट जमिनीवर. तेर्सू कोपऱ्यात उभा होता, मोबाइलसुद्धा काढून घेतलेला.

"या, यादीवाल्या बाई," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या यादीत नाव आलं की आमची पोरं पेढे वाटल्यासारखी नाचतात म्हणे. आज माझं नाव आलं. मी नाचू का?"

"मॅडम, चूक माझी आहे. तेर्सूने मला एक अक्षर सांगितलेलं नाही."

"मग ही 'उलटी बाजू' कोण?"

"ते नाही सांगता येणार."

"बरं. मला सांगता येतंय. तेर्सू."

"तिने झग्यावरून ओळखलं, मॅडम!" इतोहान भडाभडा बोलत सुटली. ट्रेलरमध्ये विधवेच्या अंगात काळा झगा आहे. तो अंगाला चोपून बसलेला, आतून अस्तर लावलेला, बाहीच्या मुंढ्याला एक चुणी नाही. नवरा अचानक मेला तर झगा घाईघाईत शिवतात, तो कुठेतरी ढिला पडतोच. हा दोनदा फिटिंग देऊन शिवलेला आहे. म्हणजे बाईला महिनाभर आधी माहीत होतं की काळं घालायची वेळ येणार, म्हणजे हे मरण ठरवून केलेलं नाटक आहे. लेखात सगळं हेच होतं.

मॅडमनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्या खो खो हसल्या. "अगं ए शहाणे! तो झगा दोनदा फिटिंग केला, कारण आमच्या नायिकेला कमरेत बोटभर ढिलं चालत नाही! मेलेल्या नवऱ्यापुढे रडतानाही तिला कंबर दिसायला हवी असते. त्या झग्यात काही अर्थबिर्थ नाही. आणि तुझी ती बाई त्याच्यावरून माझा शेवट ओळखते? मला काय दूधखुळी समजलीस?"

आता आली का पंचाईत! अंदाज बरोबर होता आणि तो ज्यावर उभा होता ते भलतंच निघालं होतं.

"तिला समोर बसवा," इतोहान म्हणाली. हे तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. "दुसरं काहीतरी दाखवा. कुणी न पाहिलेलं. तिला ओळखता आलं तर तेर्सूला सोडा. मात्र तिचं नाव कुणी विचारायचं नाही, आणि खोलीत आपल्याशिवाय कुणी नको."

"मला तिच्या नावाचं काय लोणचं घालायचंय? घेऊन ये." मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "चार."

अगुडाच्या गल्लीत मम्मी अरितचं शिवणकामाचं दुकान होतं. तीन मशीन, दारावर टांगलेले लग्नाचे कपडे, आणि आत पंचावन्न वर्षांच्या, कॅलाबारकडच्या मम्मी अरित, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. त्या त्यांच्या चर्चच्या डीकनेस, म्हणजे तिथल्या मानाच्या सेविका. त्यांच्या चर्चमध्ये सिनेमा बघणं म्हणजे सैतानाला घरचा जावई करून घेणं. नवरा तर तिथल्या ज्येष्ठांपैकी. गेली तीन वर्षं या बाई मशीनच्या मागे मोबाइल उभा करून, डोक्याच्या फडक्याखाली कानात वायर घालून सिनेमे बघत होत्या आणि रोज थोडं थोडं लिहीत होत्या. हे जगात फक्त इतोहानला माहीत होतं. तिने एकदा कौतुकाचं पत्र पाठवलं, दुसऱ्यांदा पाठवलं, तिसऱ्यांदा उत्तर आलं होतं: 'ब्लाउज शिवून घ्यायला या.'

"माझ्या पहिल्या तीन ओळी कुठे गेल्या?" मम्मी अरितनी टाचण्या काढून पहिला प्रश्न हाच विचारला.

"मला जरा... मिळमिळीत वाटल्या, मम्मी."

"मिळमिळीत! मी त्या मुद्दाम घातल्या होत्या. चार दिवस विचार करून घातल्या होत्या. दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावताना हात थरथरत नाही का गं तुझा?"

इतोहानची मान खाली. मग तिने सगळं सांगितलं. तेर्सू, चारची मुदत, आणि मॅडमशी ठरलेली अट.

"मी नाही येणार," मम्मी अरित म्हणाल्या. "कुणी पाहिलं तर? रविवारी मला सगळ्यांसमोर उभं करतील. पस्तीस वर्षं आहे मी त्या चर्चमध्ये. माझ्या मुलींची लग्नं तिथे झाली, उद्या मी मेले तर मला तेच पुरणार. तुझ्या मित्रासाठी मी ते सगळं उधळू?"

"नका येऊ," इतोहान म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. "मीच काहीतरी करते."

"काय करणार तू? दुपारचा दीड वाजलाय." मम्मी अरितनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं.  "केवढा आहे तो?"

"एकतीस."

"आई आहे?"

"आहे. गावी. दर महिन्याला तो..."

"पुरे. पुढचं नको सांगू." त्या उठल्या. टेप गळ्यातच राहू दिला. "कुणी विचारलं तर मी मापं घ्यायला आले आहे. आणि तू तोंड बंद ठेवायचंस. आज जे काही झालंय ते तुझ्या हौसेने झालंय."

ओजुएलेग्बाच्या पुलाखाली गाड्या अशा अडकल्या होत्या की पायी चालणारे पुढे जाऊन परत येत होते. पिवळ्या व्हॅनमध्ये दोघी खेटून बसल्या. इतोहान दर मिनिटाला घड्याळ बघत होती. अडीच. दोन पन्नास. कंडक्टर दारात लोंबकळत पुढच्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत होता. मम्मी अरित डोळे मिटून ओठ हलवत होत्या. प्रार्थना करत होत्या की इतोहानला शिव्या देत होत्या, कळायला मार्ग नव्हता. तीन वीसला त्या उतरल्या आणि उरलेलं अंतर जवळजवळ पळत गेल्या.

जिना चढून वर आल्या आणि समोरच्या टेबलामागून आवाज आला, "मम्मी डीकनेस! तुम्ही? इथे?"

सिस्टर रोन्के. चर्चच्या गायनातली, पुढच्या रांगेत उभी राहणारी. सकाळी या टेबलाशी कुणी नव्हतं. तिची पाळी दुपारची. मम्मी अरितचा चेहरा पांढरा पडला, पण हात आपसूक गळ्यातल्या टेपकडे गेला.

"मापं घ्यायची आहेत बाई. काम ते काम. पोट काय धर्म बघतं?"

"तेही खरंच," रोन्के हसून म्हणाली. "माझंही तसंच आहे. तुम्ही कुणाला सांगू नका, मी कुणाला सांगत नाही."

इतोहानने दार उघडलं.

खोलीत मॅडम आणि तेर्सू, दोघंच. मॅडमनी मम्मी अरितना नखशिखांत न्याहाळलं, नाव विचारलं नाही, आणि खुर्ची पुढे केली. "हा माझा पुढच्या वर्षीचा सिनेमा. तेर्सूने यातली एक फ्रेम पाहिलेली नाही. हा लॅपटॉप माझ्याच घरी असतो. आवाज बंद. एक मिनिट दाखवीन, एकदाच. मग सांगा."

पडद्यावर लग्नाचा मांडव. बायकांची रांग, सगळ्यांच्या अंगावर एकाच निळ्या कापडाचे झगे आणि डोक्याला निळी फडकी, जसं लग्नात घरच्यांनी एका ताक्यातलं कापड वाटलेलं असतं. नवरी आली. एक उंच बाई पुढे होऊन तिच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. कुणीतरी पैसे उधळले. अंधार.

मम्मी अरित अंधारलेल्या पडद्याकडेच बघत होत्या. घड्याळात तीन चाळीस. तेर्सूने भिंतीला हात टेकला होता आणि त्याच्या बोटांची नखं पांढरी झाली होती. इतोहानला वाटलं, ओरडावं, बोला हो, काहीही बोला.

"नाही जमणार ना?" मॅडम शेंग फोडत म्हणाल्या.

"ती उंच बाई," मम्मी अरित सावकाश म्हणाल्या. "तिला घरच्यांनी कापड दिलेलं नाही."

मॅडमचा हात थांबला.

"बाकी सगळ्यांचं एका ताक्यातलं आहे. हिचं दुसऱ्या. रंग किंचित उतरलाय आणि नक्षी नखभर मोठी आहे. म्हणजे लग्न ठरल्याचं हिला बाहेरून कळलं, मग बाजारात फिरून मिळतंजुळतं शोधून आणलं. हिला कुणी बोलावलेलं नाही." त्या थांबल्या. "पण झगा मात्र स्वतःच्या हाताने शिवलाय. शिंपिणीला विचारायचीही लाज वाटली असणार. खांद्याची टीप वाकडी आहे. आणि नवरी गळ्यात पडली तेव्हा तिचा हात थेट त्या वाकड्या टिपेवर गेला, जशी अशी टीप तिने लहानपणी रोज बघितलीय. ही तिची बहीण नाही. आई आहे. जिने तिला सोडली ती आई."

 मॅडमनी लॅपटॉप मिटला.

"वाकडी टीप," त्या म्हणाल्या. "ती मी स्वतः घालून घेतली होती. दिग्दर्शक म्हणाला, कुणाच्या बापाला दिसणार नाही." त्यांनी मम्मी अरितकडे असं पाहिलं, जणू आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते माणूस चुकीच्या दिवशी दारात आलं. "तेर्सू, जा. कामाला लाग. आणि बाई, तुम्ही..."

पण तेर्सूने पुढचं ऐकलंच नाही. सकाळपासून धरून ठेवलेलं त्याचं सगळं एकदम सुटलं. त्याने मम्मी अरितचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले, रडला, हसला, आणि त्या "सोड बाबा, सोड" म्हणत दाराबाहेर निघाल्या तर त्यांच्या मागे धावत गेला. मॅडमनी न विचारलेलं नाव त्यालाही माहीत नव्हतं. पण त्याला एक नाव माहीत होतं.

"मम्मी! तुम्ही 'उलटी बाजू' आहात!" तो जिन्याच्या तोंडाशी ओरडला. "माझा विश्वास बसत नाही! तीन वर्षं वाचतोय मी! सगळ्या सिनेमांवर लिहिता तुम्ही! देवाशप्पथ, या शहरात तुमच्यासारखं कुणी लिहीत नाही!"

इतोहानने त्याच्या दंडाला धरून मागे खेचलं, पण बाण सुटून गेला होता. टेबलामागे सिस्टर रोन्के उभी राहिली होती. तिच्या हातात मोबाइल होता आणि ती मम्मी अरितकडे नाही, मोबाइलकडे बघत होती. बोटांनी काहीतरी शोधत होती.

मम्मी अरित जिना उतरल्या. खालच्या पायरीवर बसल्या. त्यांनी आपला मोबाइल काढला.

"काय करताय, मम्मी?"

"ती वाचायला लागली असेल. पहिलं पान उघडेपर्यंत मला वेळ आहे."

"असं नका करू. मला पाठवा. एक प्रत मला पाठवा, मी कुणाला दाखवणार नाही. मम्मी, तीन वर्षं आहेत ती!"

"मोजायला येतात मला." त्यांचा आवाज अगदी साधा होता, झगा कधी मिळेल ते गिऱ्हाइकाला सांगावं तसा. "दुकान बंद करून, भात शिजवता शिजवता, नवऱ्याच्या घोरण्यात. एकशे एकोणचाळीस लेख. प्रत राहिली की ती कुठेतरी सापडते. माझ्या लेकींना सासरी ऐकून घ्यावं लागेल." पडद्यावर प्रश्न आला, नक्की पुसायचं का. त्यांनी अंगठा टेकवला. मग उठून टेप नीट गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. "मुलगा चांगला आहे गं तो. वाचला ते बरं झालं. त्याच्यावर रागावू नकोस."

"माझ्यावर?"

मम्मी अरितनी पिशवी खांद्याला अडकवली. रस्ता ओलांडून त्या येतानासारख्याच एका पिवळ्या व्हॅनमध्ये चढल्या.

संध्याकाळी तेर्सूचे चार फोन आले. इतोहानने एकही घेतला नाही. ती खाटेवर बसून आपल्या जुन्या याद्या उघडत होती, शुक्रवारामागे शुक्रवार, मोबाइल तापेपर्यंत. ब्लॉग गेला तरी तिने टाकलेले उतारे होते ना! तिला आशा वाटली, आणि ती प्रत्येक यादीतून 'उलटी बाजू'चा तुकडा काढून वहीत उतरवू लागली. कुठे दोन ओळी, कुठे चार. राणीच्या बांगड्यांवरचा एक. खलनायकाच्या धुतलेल्या चपलांवरचा एक. तो वाचून ती त्याही वेळी एकटीच हसली होती, आजही हसली. कापडासारखेच गार, नेमके, सुंदर तुकडे. मग तिने पहिला तुकडा पुन्हा वाचला आणि त्याच्या आधी काय होतं ते आठवून बघितलं. आठवेना. दुसऱ्याचं आठवेना. ती प्रत्येक तुकड्यापाशी थांबली, आणि प्रत्येक ठिकाणी तेच. मिळमिळीत वाटल्या म्हणून तिने सगळ्यांच्याच सुरुवाती कापून टाकल्या होत्या. आता त्या जगात कुठेच नव्हत्या.